साधारण असल्याचा दाखला

अन्सेल्मो मांगुबातच्या नोकरीची जाहिरात रविवारच्या पेपरात आली, तेव्हा तो ती नोकरी सहा वर्षं करत होता आणि अजूनही करतच होता. रविवार म्हणून घरी लसणीभात खात बसला होता, एवढंच.

"पाहिजे : कवळ्या बनवणारा कारागीर. अनुभव दोन वर्षं. टॉलेफसन डेंटल लॅब, लेक हॅल्व्हर, मिनेसोटा."

त्याने ती जाहिरात तीनदा वाचली आणि पेपर बायकोपुढे सरकवला.

"दोन वर्षं? लिगाया, माझं काम काय दोन वर्षांच्या अनुभवाचं आहे?"

"वकीलबाईंनी सांगितलं तसंच छापलंय. भात गार होतोय."

"निदान 'कुशल' तरी लिहायचं! सुतार पाहिजे असला तरी लोक कुशल सुतार लिहितात."

लिगायाने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. नवऱ्याचा मान दुखावला की तो दुपारपर्यंत दुखतो आणि मग आपोआप उतरतो, हे ती लग्नानंतर पंधरा दिवसांतच शिकली होती.

आता तुम्ही म्हणाल, माणूस खुर्चीत बसलेला असताना त्याच खुर्चीची जाहिरात कशाला? तर कायदाच तसा आहे. मालकाच्या पाठिंब्यावर कायमचं राहायला मिळायचं असेल, तर मालकाने आधी सरकारला पटवून द्यायचं की या कामाला आमच्या देशातला लायक माणूस मिळत नाही हो. त्यासाठी दोन रविवार जाहिरात द्यायची, येतील त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, आणि एखादा लायक निघाला की प्रकरण तिथेच संपलं. थोडक्यात, आपल्याच खुर्चीचा लिलाव पुकारायचा आणि कुणी बोली लावू नये म्हणून नवस बोलायचा. अन्सेल्मोचा व्हिसा मे महिन्यात संपत होता. प्रकरण फसलं तर मे महिन्यात तो, लिगाया आणि शाळेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारी त्यांची मायुमी, तिघांनाही सामान बांधून सेबूला परतायचं होतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. सरकार अन्सेल्मो चांगला आहे का, असं विचारतच नव्हतं. दुसरा कुणी नाही ना, एवढंच विचारत होतं. आणि अन्सेल्मोला तर आपल्या हाताचा भारी अभिमान. लेक हॅल्व्हर आणि आसपासच्या चार गावांत साठीच्या पुढची निम्मी माणसं त्याने केलेल्या दातांनी मक्याची कणसं सोलून खात. रस्त्यात कुणी भेटलं, तर तो आधी तोंडाकडे बघे आणि मग कोण आहे ते ओळखे. सगळं गाव त्याच्या दातांनी हसायचं. फक्त त्याचा मालक ऑर्विल टॉलेफसन यांनी सहा वर्षांत कौतुकाचा एक शब्द काढला नव्हता. काम झालं की कवळी दिव्याखाली धरायची, फिरवायची, "हं" म्हणायचं आणि डबीत ठेवायची. लोक सांगत की टॉलेफसननी स्वतःच्या लग्नातही "हं"च म्हटलं होतं.

जाहिरातीला दोन अर्ज आले. पहिल्याला हे काम घरबसल्या करता येईल का, ते जाणून घ्यायचं होतं. दुसरा शेजारच्या काउंटीतला, घोड्यांच्या दातांवर कानस फिरवणारा गृहस्थ. टॉलेफसन इतके सरळ की त्यांनी त्यालाही बोलावलं. मुलाखत चालू असताना अन्सेल्मोने इमारतीत थांबायचं नाही, असा वकीलबाईंचा हुकूम होता. तो दीड तास समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहिला आणि केवळ लाजेखातर बागेची पन्नास फुटी नळी विकत घेऊन आला. त्याच्याकडे बाग नव्हती.

"चांगला माणूस आहे," टॉलेफसन म्हणाले.

अन्सेल्मोने हातातली नळी खाली ठेवली.

"पण माणसाच्या तोंडात त्याने कधी हात घातलेला नाही. मी तसं लिहून ठेवलंय."

पहिलं संकट असं टळलं. घरी लिगायाने पांसितच्या शेवया केल्या आणि अन्सेल्मोने मात्र रागाने दोन घास कमी खाल्ले. "घोडेवाला!" तो म्हणाला. "माझ्या जागेवर घोडेवाला! निदान दुसरा कुणी तरी यायचा."

"दुसरा आला असता तर आपण विमानात असतो," लिगाया म्हणाली.

खरं रामायण सुरू झालं ते नोटिशीवरून. वकीलबाई, म्हणजे मिनियापोलिसच्या मिस केसलर, या फोनवर इतक्या भरभर बोलत की टॉलेफसन पहिला शब्द काढायच्या आत त्यांचा फोन ठेवून झालेला असे. त्यांनी एक कागद पाठवला. हा कामाच्या जागी सहज दिसेल असा दहा दिवस लावायचा. त्यात नोकरी कुठली, पगार किती, आणि शेवटी बारीक अक्षरात : या अर्जासंबंधी कुणाही व्यक्तीस सरकारकडे पुरावा सादर करता येईल. खाली पत्ता.

आता लॅबमध्ये माणसं दोनच. एक मालक आणि दुसरा ज्याच्याबद्दल नोटीस तो. इतर कुणीही तो कागद चहाच्या किटलीमागे लावून मोकळा झाला असता. टॉलेफसननी मात्र तो दर्शनी काचेवर, रस्त्याच्या बाजूला तोंड करून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवला.

"बाहेरून?" अन्सेल्मो म्हणाला.

"सहज दिसेल अशी जागा, असं लिहिलंय. आत कुणाला दिसणार? तुला? तुला ठाऊकच आहे."

लॅबच्या एका अंगाला बँक आणि दुसऱ्या अंगाला कॅफे. दुपारपर्यंत गावाने नोटीस वाचली. गावाला त्यातून तीन गोष्टी कळल्या : टॉलेफसन नवा माणूस शोधताहेत, अन्सेल्मोला पगार एवढा मिळतो, आणि बिचाऱ्याचं काही खरं नाही. लेक हॅल्व्हरचे लोक मूळचे नॉर्वेकडचे, दुःखावर बोलणं त्यांना जमत नाही. ते हॉटडिश घेऊन येतात. खाली खिमा आणि घट्ट सूप, वर बटाट्याचे गोळे, सगळं भट्टीत भाजलेलं. संध्याकाळपर्यंत मांगुबातांच्या ओट्यावर अशी सात भांडी जमली. आणणारा प्रत्येक जण दारात उभा राहून हवापाण्यावर दोन वाक्यं बोलला, "बरं मग" म्हणाला आणि पडलेल्या चेहऱ्याने गेला.

"कुणी मेलं का?" मायुमीने विचारलं.

"तुझ्या बाबांची नोकरी," लिगाया म्हणाली. "असं त्यांना वाटतंय."

हा गैरसमज मानांग पुरिंगने दूर केला, आणि इथेच सगळं बिघडलं. मानांग म्हणजे ताई. पुरिंगबाई सेबूच्याच, चाळीस वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याशी लग्न करून आलेल्या, आणि गावातल्या एकुलत्या एक मोठ्याने बोलणाऱ्या बाई. त्या कॅफेत शिरल्या, टेबलावर पर्स आपटली आणि म्हणाल्या, "अहो, नोकरी जात नाहीये त्याची! त्याला इथेच ठेवायसाठी हे चाललंय! शेवटची ओळ वाचलीत का? पुरावा द्या म्हणतंय सरकार, पुरावा! आणि तुम्ही बटाटे देताय?"

गावाने शेवटची ओळ वाचली. मग गावाने पेन उचललं.

जन्मभर "बरं आहे" आणि "वाईट नाही" यापलीकडे न गेलेली ही माणसं. पण कागदावर उतरल्यावर त्यांना काय झालं कोण जाणे. बँकेच्या मॅनेजरने लिहिलं की अन्सेल्मोसारखा कारागीर या खंडात नाही. निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलं की त्याच्या कवळीमुळे आपण पुन्हा शीळ घालू लागलो. आर्डिस हॉगन या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी लिहिलं की शब्दांनी काय होणार, पुरावा सोबत जोडला आहे. आणि खालची कवळी कापसात गुंडाळून, रजिस्टर करून सरकारला पाठवली.

"आर्डिस!" अन्सेल्मो किंचाळला. "मग आता जेवताय कशाच्या जोरावर?"

"थूप," आर्डिसबाई म्हणाल्या. खालच्या दातांशिवाय 'सूप' तेवढंच जमत होतं. चेहऱ्यावर मात्र विलक्षण समाधान होतं.

एकंदर एकतीस पत्रं गेली. त्या आठवड्यात अन्सेल्मो रस्त्याने छाती काढून चालत होता. पत्र पोस्टात टाकायच्या आधी प्रत्येक जण त्याला वाचून दाखवे आणि तो "अहो, एवढं कशाला" म्हणत शेवटपर्यंत ऐकून घेई. पोस्टमास्तरांचं तर त्याने दोनदा ऐकलं.

भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, ते काही उगीच नाही. दोन महिन्यांनी सरकारचं पत्र आलं. सोबत एक छोटं खोकं. खोक्यात आर्डिसबाईंची कवळी, तिला चिठ्ठी अडकवलेली : पुरावा क्रमांक एकोणीस, परत. आणि पत्रात एक साधा प्रश्न. आपण जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागितला. परंतु आमच्याकडे आलेल्या एकतीस पत्रांनुसार सदर कामगार अद्वितीय, अतुलनीय आणि या खंडात एकमेव आहे. मग या कामाला खरोखर लागणारी पात्रता नेमकी कोणती? तीस दिवसांत खुलासा करावा, अन्यथा अर्ज निकाली काढला जाईल.

मिस केसलरचा फोन आला, तो लॅबच्या भिंतींनाही ऐकू गेला असावा.

"एकतीस पत्रं! कुणी सांगितली होती?"

"कुणीच नाही," टॉलेफसन म्हणाले.

"सरकारला वाटतंय, तुम्हाला असामान्य माणूस हवा होता आणि जाहिरात मात्र साध्या माणसाची दिलीत! आता मालकाने शपथेवर लिहून द्यायचं की काम साधं आहे, आणि हा माणूसही साधारणच आहे. मसुदा पाठवते. सही करा. आणि गावाला सांगा, आता पेनाला हात लावायचा नाही!"

अन्सेल्मोने ते घरी बूटही न काढता, दारातूनच सांगितलं. "साधारण! लिगाया, मला साधारण ठरवल्याशिवाय आपल्याला राहता येणार नाही."

"मग हो ना साधारण. मे महिन्यापर्यंत हो. मग पुन्हा अद्वितीय हो, मी काही म्हणणार नाही."

पण गाव काही स्वस्थ बसेना. आपल्या हातून घोटाळा झाला म्हटल्यावर त्यांना झोप येईना. गुरुवारी चर्चच्या तळघरात कॉफीला जमले असताना मानांग पुरिंगने त्यांच्यापुढे कागद ठेवले. पाठवायचे नाहीत, पण तयार असू द्यात, लागलेच तर. अन्सेल्मोमध्ये दोष काय, ते लिहा. आणि कबूल करायला हवं, लोकांना दोष फार पटकन आठवले. बँकेच्या मॅनेजरची कवळी दर गुरुवारी बोचायची. पोस्टमास्तरांची शीळ अलीकडे एक सूर खाली उतरली होती. कुणी लिहिलं की तो काम करताना गातो आणि बरं गात नाही. एकाने पानभर लिहून वर दुसरा कागद मागितला.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!" कॉफीला आलेला अन्सेल्मो कागद वाचून ओरडला.

"तू विचारलं नाहीस," बँकेचा मॅनेजर शांतपणे म्हणाला. "आणि वाईट नाहीये ती. फक्त गुरुवारी."

"मानांग, तुम्ही काय लिहिलंत?"

पुरिंगबाईंच्या कागदावर एकच खोडलेली ओळ होती. "नाही रे बाबा जमत," त्या म्हणाल्या. "एक ओळ लिहिली होती, हात अडखळला आणि खोडून टाकली." अन्सेल्मोला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

तीस दिवसांतले पंचवीस गेले. सव्विसाव्या दिवशी सकाळी तो लॅबमध्ये शिरला, तर मसुदा टॉलेफसनच्या टेबलावर तसाच पडलेला. खाली सही नाही.

"साहेब, सही राहिली."

"राहिली नाही. केली नाही."

"का?"

टॉलेफसननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यात लिहिलंय, तू साधारण कारागीर आहेस. ते खोटं आहे. खोट्यावर मी सही करत नाही."

अन्सेल्मो बाकावर बसला. सहा वर्षं त्याने या माणसाच्या तोंडून एका बऱ्या शब्दाची वाट पाहिली होती. आणि आज तो आला, तोही असा! आनंदाने त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरात मे महिना शोधला. मायुमीचा बँड, लिगायाची नर्सिंगची परीक्षा पास झाल्याची फाइल, सगळं त्या एका कौतुकाखाली चिरडलं जाणार होतं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. खोटं आहे म्हणालात ते."

"एकदा सांगितलं ना." टॉलेफसन कानापर्यंत लाल झाले.

मग अन्सेल्मो उठला, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. स्वतःची बदनामी सुरू केली. "साहेब, मी साधारणच आहे हो! शपथेवर सांगतो! मागच्या वर्षी ती पिवळट झालेली कवळी आठवा."

"रंग कंपनीने चुकीचा पाठवला होता."

"डॉक्टर स्वेनसनच्या पेशंटची? दोनदा मोडली!"

"पेशंटने त्या कवळीने अक्रोड फोडले. तुझा काय दोष?"

"दर गुरुवारी बोचणारी?"

"बँकवाला बुधवारी पॉपकॉर्न खातो."

काढलेला प्रत्येक दोष टॉलेफसन आपल्या संथ आवाजात परतवून लावत होते. अन्सेल्मो रडकुंडीला आला. एवढं स्वच्छ चारित्र्य आपलं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी हात जोडून तो म्हणाला, "निदान पहिल्या वर्षीच्या तरी?"

टॉलेफसननी चष्मा पुन्हा काढला.

"पहिल्या वर्षीच्या," ते म्हणाले, आणि दुखरी दाढ दाबल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

"वाईट होत्या ना?"

"पास्टर लिंडक्विस्टना तू पहिली कवळी दिलीस. ती घालून त्यांनी ईस्टरचं प्रवचन केलं. पुढचे तीन बाक भिजले."

"तीन?" अन्सेल्मो जरा दुखावला. "दोन ऐकलं होतं मी."

"तीन. बँकवाल्याची सासू हसली की पोरं रडायची. हार्डवेअरवाल्याचं तोंड मिटायचंच नाही. एका वर्षात अकरा कवळ्या. मी सगळ्या पुन्हा केल्या."

"तुम्ही?"

"तू घरी गेल्यावर. तासभर बसायचो."

अन्सेल्मो पुन्हा बाकावर बसला. त्या वर्षीच्या एकेका तोंडाकडे तो सहा वर्षं अभिमानाने बघत आला होता. "मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"बोलून काय झालं असतं? हात जड होता, नजर चांगली होती. शिकशील असं वाटलं. शिकलास." टॉलेफसननी वकीलबाईंचा मसुदा बाजूला सारला, कोरा कागद ओढला आणि पेन हातात घेतलं. "आलास तेव्हा किती वर्षांचा अनुभव होता तुझा?"

"दोन."

"मग बरोबर आहे."

आणि त्यांनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर कवळीतला दात बसवावा तसं. "मी या माणसाला ठेवला तेव्हा त्याला दोन वर्षांचा अनुभव होता आणि त्याचं काम अगदी साधारण होतं. काही वेळा त्याहून वाईट. तरी मला तो पुरला. आजही दोन वर्षांचा अनुभव असलेला, शिकायची तयारी असलेला कुणी आला तर मला पुरेल. आलेला नाही. हे सगळं खरं आहे. ऑर्विल टॉलेफसन." मग थोडा विचार करून त्यांनी खाली पास्टर लिंडक्विस्टचं नाव आणि फोन नंबर लिहिला.

मिस केसलरनी ते फोनवर पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकून घेतलं. "हे माझ्यापेक्षा चांगलंय," त्या म्हणाल्या. "पाठवा."

सात आठवड्यांनी मंजुरी आली. पुढे आणखी दोन अर्ज, बोटांचे ठसे, डॉक्टरची तपासणी असं सगळं झालं, पण मे महिना कुणालाही कुठे न पाठवता निघून गेला. ज्या दिवशी तिघांची कायम राहायची कार्डं पाकिटातून आली, त्या दिवशी लिगाया ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडली. मायुमीने क्लॅरिनेटवर काहीतरी वाजवलं ते कुणाला ओळखता आलं नाही. लॅबमध्ये टॉलेफसननी कार्ड हातात घेतलं, दिव्याखाली धरलं, उलटसुलट फिरवलं, अन्सेल्मोच्या हातात परत दिलं, आणि त्याचा तो हात त्यांनी थोडा जास्त वेळ सोडला नाही.

संध्याकाळी अन्सेल्मोने सेबूला आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती आणि मागे कोंबडे आरवत होते.

"मिळालं?" म्हातारी ओरडली. "सगळ्या गल्लीला सांगते! एवढी माणसं रांगेत, आणि सरकारनं माझ्याच मुलाला निवडलं! का निवडलं रे? सगळ्यांत हुशार म्हणून ना?"

दुसरा कुठला दिवस असता तर अन्सेल्मो "हो" म्हणाला असता आणि वर दोन गोष्टी जोडल्या असत्या. पण आज त्याला ते म्हणावंसंच वाटेना.

"नाही गं आई," तो म्हणाला. "मी साधारण आहे. साहेबांनी शपथेवर लिहून दिलं, सरकारनं ते मान्य केलं. म्हणून मिळालं."

पलीकडून कोंबड्यांपेक्षा मोठा आवाज आला.

"साधारण?" म्हातारी म्हणाली. "माझा मुलगा साधारण? कोण मेला म्हणतो? पत्ता दे मला त्या साहेबाचा! आणि त्या सरकारचाही दे! तुझी चौथीतली सुवर्णपदकं आहेत माझ्याकडे, पत्रासोबत सगळी जोडून पाठवते!"

अन्सेल्मोने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आई, तुझ्या पाया पडतो," तो म्हणाला, "पण पोस्टात जाऊ नकोस."